लसीनंतरचा अर्धा तास बाळाच्या कामी आणा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला आई बाळाला घेऊन अंगणवाडीत येते. डोस झाला की नर्सताई तिला अर्धा तास थांबवून घेतात. हा वेळ आज नुसता बसून जातो. तो आईला बाळाशी संवाद साधायला शिकवण्याच्या कामी आणावा, एवढीच आमची मागणी आहे.

समोरचा चेहरा पाहून बाळ हसू लागतं ते साधारण सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर. तिथून खरी देवाणघेवाण सुरू होते. ते हुंकारतं, आई ओ देते, ते पुन्हा हुंकारतं. अशा असंख्य फेऱ्या झाल्यावर सात-आठ महिन्यांचं बाळ आपलं माणूस ओळखून त्यालाच बिलगतं. नेमकं इथेच आपल्या गृहभेटींना खिंडार आहे. ‘एचबीएनसी’ म्हणजे नवजात बाळाच्या घरगुती देखभालीच्या योजनेतली आशाताईंची शेवटची भेट 42व्या दिवशी आणि ‘एचबीवायसी’ म्हणजे त्यापुढच्या लहान बाळांसाठीच्या गृहभेटींच्या योजनेतली पहिली तिसऱ्या महिन्यात. मधल्या काळात बाळ हमखास समोर येतं ते लसीकरणालाच.

एवढंसं बाळ चेहरा किती बारकाईने वाचतं, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या 1978 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. खेळता खेळता आईने चेहरा निर्विकार केला आणि ती गप्प बसली. बाळांनी तिच्याकडे पाहून हसून पाहिलं, तिला पुन्हा खेळात ओढायची धडपड केली; उपयोग होईना तेव्हा नजर फिरवून घेतली. 

प्रशिक्षणात ‘बाळाशी बोला’ एवढंच शिकवलं जातं आणि तिथेच घोळ होतो. आई न थांबता बोलत राहते, टाळ्या-चुटक्या वाजवते, खुळखुळा नाकासमोर हलवते. बाळाला उत्तर द्यायला सवडच मिळत नाही. शिकवायचं आहे ते थांबणं.

सत्रावर ते असं करता येईल. टोचल्यावर आधी बाळाला छातीशी घेऊन, पाजून शांत करू द्यावं. ते पेंगत असेल तर झोपू द्यावं. जागं आणि निवांत असेल तर मांडीवर असं धरावं की आईचा चेहरा वीतभर अंतरावर, 20 ते 30 सेंटिमीटरवर येईल. एक-दोन शब्द बोलून गप्प राहावं, मनात सावकाश पाच ते दहा आकडे मोजावेत. बाळाने ओठ हलवले, पाय झाडले, आवाज काढला की तोच आवाज त्याला परत द्यावा. त्याने मान वळवली तर हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवू नये. ते दम खातंय, थोड्या वेळाने आपणच परत बघेल. आईचा अंदाज अनेकदा चुकणारच. चुकून पुन्हा जुळवून घेण्यातूनच बाळाचा विश्वास बसतो. सोबत आजी किंवा बाबा आले असतील तर त्यांनाही करू द्यावं. ‘सारखं घेतलं तर सवय लागते’ हा घरोघरीचा समज याच बैठकीत काढता येईल. या वयात रडल्यावर उचलून घेतलेलं बाळ लाडावत नाही.

बघणाऱ्या ताईने दोन गोष्टी टिपाव्यात. साडेतीन महिन्यांच्या डोसलाही बाळ नजरेला नजर देत नसेल, हसत नसेल, आवाजाकडे लक्ष देत नसेल, तर डोळे आणि कान तपासायला पाठवावं. आणि आईचा चेहरा उतरलेला असेल, बाळ झोपूनही तिला झोप लागत नसेल, बाळाला घ्यावंसंच वाटत नसेल, तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे न्यावं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून द्यावा. अशा आईला ‘बाळाकडे लक्ष दे’ म्हणून दटावणं हा अन्याय आहे. तिला उपचार हवे असतात.

यासाठी रजिस्टरात नवा रकाना किंवा नवं अ‍ॅप मात्र कृपया आणू नका. रकाना आला की टिक होते आणि बाळाकडे बघायचं राहून जातं. लागेल ते एवढंच: एक सतरंजी, भिंतीला टेकून बसायची जागा, आईला आडोसा, आणि डोस देणाऱ्या नर्सताईंखेरीज एक मोकळी ताई. आशाताईंना हे काम दिलंत तर त्याचा मोबदलाही द्या. सुरुवात प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यापासून करावी, आणि पुढच्या लसीकरण सत्राआधी तिथल्या ताईंचं प्रशिक्षण खऱ्या आई-बाळांसमोर बसवून घ्यावं, ही विनंती.

आपले,
बालविकासाच्या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते