त्या पिवळ्या चिठ्ठ्यांबद्दल, मॅडम

आदरणीय मॅडम,

माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, संपल्यावर मी तुम्हाला धड 'येतो' असंसुद्धा म्हटलं नाही. बाहेर आलो, घटाघटा पाणी प्यायलो आणि पेपर तपासायचेत असं काहीतरी पुटपुटून सटकलो. खरं म्हणजे घसा दाटून आला होता. त्रेचाळीस वर्षांच्या गणिताच्या मास्तराने कॉरिडॉरमध्ये डोळे पुसत उभं राहणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. शाळा सांभाळून रात्री जागून असला अभ्यास करणारे माझ्यासारखे आणखी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी आज हे वाचायची गरज असेल.

आधी जळजळ काढून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

तुमच्या मार्गदर्शनाखाली येण्याआधी मी दीड वर्ष दुसरीकडे, दुसऱ्या गाइडकडे काढलं, हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या माहितीपत्रकावर 'सर्वांगीण' आणि 'कलाधारित' हे दोन्ही शब्द ठळक छापले होते. आत गेल्यावर कळलं की कला म्हणजे स्लाइडच्या कोपऱ्यात डकवलेलं फूल. शिकताना डोकं, हृदय आणि हात तिन्ही लागले पाहिजेत, हे स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीचं सूत्र आम्ही पाठ केलं. तीन तासांच्या पेपरात हातांना काम मिळालं ते पेन धरण्यापुरतं. कला वस्तूत नसते, अनुभवात असते, असं अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने १९३४ साली लिहून ठेवलं. आम्हाला त्यावर दहा मार्कांची टीप आली. मला आठ मिळाले. अनुभव म्हणाल तर एवढाच.

माझा विषय तिथल्या गाइडना पहिल्यापासूनच पटला नव्हता. टाळ्यांमधून लसावि. तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. वर्गाचे तीन गट करायचे. एक गट मोठ्याने आकडे मोजणार, दुसरा दर चौथ्या आकड्याला टाळी देणार, तिसरा दर सहाव्याला. चार सक चोवीस म्हणून मोकळी झालेली हुशार मुलं चोवीसची वाट बघत बसतात. आणि दोन्ही टाळ्या बाराला एकदम पडतात! वर्ग दचकतो. मला ते दचकणं पकडायचं होतं. चाचणीत आधी किती गुण आणि नंतर किती, हा तक्ता कुणीही करील. दचकण्याचा तक्ता कसा करणार? म्हणून मी रोज शाळा सुटल्यावर वहीत लिहायचो आणि जे लिहिता येईना ते काढायचो. चित्रकला माझी सातवीत सुटली होती. त्यामुळे जे निघायचं ते तसंच निघायचं.

त्यातल्या एका पानावर एका मुलीचा हात होता. त्या गृहस्थांनी ती वही वर्गासमोर उघडली, बोटं मोजली आणि म्हणाले, "सहा! हे संशोधन आहे की बालवाडी?" मग लाल पेनाने पानभर फुली मारली. सगळे हसले. मीही हसलो, आणि ते माझं हसणं अजून टोचतं. त्यांचं फार चुकलं असंही आता वाटत नाही. त्यांना कुणी तरी तसंच शिकवलं असणार. पण आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर मीही अशाच फुल्या मारत आलो होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की फुलीची रेघ कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटते.

प्रवेश बदलणं, अर्ज, सह्या यांत पुढचे काही महिने गेले. ते जाऊ दे.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी वही आणलीच नव्हती. तक्ते आणले होते. तुम्ही तक्ते शांतपणे पाहिलेत आणि विचारलंत, "आणि वही?" पुढच्या वेळी घाबरत घाबरत ती ठेवून गेलो. आठ दिवसांनी परत मिळाली. उघडली, तर एकाही पानावर तुमचं एक अक्षर नव्हतं. मला वाटलं, वाचलीच नाही. मग दिसलं की पानांच्या कडांना छोट्या पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. पेन्सिलीने लिहिलेल्या. अलगद काढल्या तर पान जसंच्या तसं.

त्या फुलीवाल्या पानावरही एक होती. "बोटं सहा आहेत, मीही मोजली. पण हा हात थांबलाय, की वाजणार आहे?"

मॅडम, ती चिठ्ठी हातात घेऊन मी बसस्टॉपवर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. दोन बस गेल्या. कारण तो हात कुठला होता, हे मला तेव्हा आठवलं. ती मुलगी आकडे मोजणाऱ्या गटात होती. तिने टाळी द्यायचीच नव्हती. वर्षभर तोंडातून शब्द न काढणारी ती मुलगी, 'अकरा' म्हणता म्हणता तिचे दोन्ही हात हवेत उचलले गेले होते. बारा यायच्या आधीच तिला कळलं होतं. मी ते पाहिलं होतं, काढलंही होतं, पण मला समजलं नव्हतं. माझ्या वाकड्यातिकड्या रेघांना ते माझ्याआधी कळलं होतं. शब्दांची हद्द संपते तिथे समजण्याची हद्द संपत नाही, हे कलाशिक्षणावर लिहिणाऱ्या आयसनरचं म्हणणं मी दोनदा उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. त्या बसस्टॉपवर ते मला खरोखर कळलं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथेच, उभ्या उभ्या सुचलं.

नंतर एकदा मी विचारलं, की चिठ्ठ्याच का? तेव्हा तुम्ही चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांची गोष्ट सांगितलीत. त्यांच्या विद्यार्थ्याने, नंदलाल बोस यांनी, तप करणारी उमा रंगवली होती. गुरू म्हणाले, फारच कमी रंग आहेत, उमेला जरा सजव. घरी गेले आणि रात्रभर झोप लागेना. तपाला बसलेली उमा सजेल कशाला? पहाटेच धावत गेले, तर नंदलाल रंग लावायच्या तयारीतच होते. त्यांना थांबवलं. तेच नंदलाल पुढे शांतिनिकेतनातल्या कलाभवनाचे प्रमुख झाले. गोष्ट संपवून तुम्ही हसत म्हणालात, "मला पहाटे धावायला जमत नाही, म्हणून चिठ्ठ्या."

किती साधी गोष्ट, नाही? पण विद्वान मला बरेच भेटले, मॅडम. आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या पानावर न गिरवता बाजूला उभं राहू शकणारी माणसं फार थोडी भेटली. चांगुलपणा म्हटलं की आपल्याला कुणीतरी पैसे दिले, रात्री दवाखान्यात नेलं असलं काहीतरी आठवतं. तुम्ही तर मला सवलत एकही दिली नाहीत. तिसरं प्रकरण पाच वेळा लिहायला लावलंत आणि संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवरूनही झापलंत. फक्त वहीचं पान माझं राहू दिलंत.

आता वर्गात मीही चिठ्ठ्या लावायला बघतो. सेहेचाळीस वह्या असतात, रोज होत नाही. परवाच दमून एकीवर लाल पेन चाललं. मग त्या मुलाला बोलावून सॉरी म्हटलं. तो इतका गोंधळला की तोच मला सॉरी म्हणाला.

आपला,
एक गणिताचा मास्तर

ता. क. वहीच्या शेवटच्या पानावरच्या तुमच्या एका चिठ्ठीला मी उत्तर दिलं नव्हतं. प्रबंधातही ते टाळलं, आणि व्हायवात तुम्ही विचारणार या भीतीने रात्रभर जागा होतो. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही लिहिलं होतंत, "मुलं टाळ्या वाजवत होती तेव्हा तुमचे हात कुठे होते?"

खिशात होते, मॅडम.