पाय रोवायला शिकतेय

सांगली
१४ सप्टेंबर

प्रिय शुभा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर रोज मनात लिहीत होते, कागदावर आज उतरतंय, कारण आज क्लासमध्ये एक गोष्ट जमली आणि ती आधी तुलाच सांगायची होती.

अथर्वला कराटेला सोडायला जायचे ना, जूनपासून मीही मागच्या रांगेत उभी राहते. वय ४६, पट्टा पांढरा. तू विचारलंयस, विटा फोडायला लागलीस का? नाही गं. तीन महिने मी उभं राहायला शिकतेय.

आमची पद्धत शोतोकान. तिच्यात उभं राहण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळं नाव आहे आणि शेवटी 'दाची' लागतं. आपल्याकडे यासाठी किती नेमका शब्द आहे बघ, पवित्रा! पेपरात 'संपाचा पवित्रा' इतक्यांदा वाचलाय की तो मुळात पायांचा शब्द आहे हे विसरूनच गेले होते. कोल्हापूरला मर्दानी खेळ खेळणारी पोरं तो अजूनही पायांनीच घेतात.

पहिला सबंध महिना झेन्कुत्सु-दाचीत गेला. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, भार साधारण ६० टक्के पुढे, ४० मागे. दिसायला सोपं आहे, पण दोन पावलांत आडवं अंतरही खांद्याएवढं लागतं. ते सुटलं की दोरीवरून चालल्यासारखं डुगडुगायला होतं. माझं तेच व्हायचं. सरांनी शहाबादी फरशीचे सांधे दाखवले. "एक पाय या रेघेवर, दुसरा त्या रेघेवर. मधून रेल्वे गेली पाहिजे, ताई." तेव्हापासून स्वयंपाकघरातही माझी नजर फरशीच्या रेघांवर असते.

त्याहून अवघड निघाली मागची टाच. ठोसा मारताना माझी टाच हळूच उचलली जायची, आणि मला कळायचंही नाही. सर म्हणाले, ठोसा हातातून निघत नाही, जमिनीतून निघतो. मागचा पाय फरशी रेटतो, तो रेटा कमरेत येतो, कंबर वळते, मग तो खांद्यातून मुठीत उतरतो. टाच उचलली की वाट पहिल्याच पायरीला तुटली. त्यांनी वहीचा एक कागद माझ्या टाचेखाली सरकवला, म्हणाले "मारा", आणि ठोशाच्या क्षणाला कागद ओढला. अलगद निघून आला. रोज निघून यायचा. आज ओढला तर फाटला, शुभा! अर्धा त्यांच्या हातात, अर्धा माझ्या टाचेखाली. तो अर्धा तुकडा या पत्रात घातलाय, जपून ठेव.

आता किबा-दाची सुरू आहे, आणि तिथे मला तू रोज आठवतेस. होस्टेलच्या गच्चीवर पहाटे तू अरमंडीत, भरतनाट्यमच्या त्या अर्ध्या बैठकीत बसून, पाय आपटायचा तोच पहिला धडा, तट्टडवू, तासभर करायचीस आणि मी चहाचा कप घेऊन विचारायचे, "नाच कधी सुरू होणार?" त्या प्रश्नाची आज मनापासून माफी मागते. नाच तेव्हाच चालू होता, मला दिसत नव्हता.

तुझ्या अरमंडीत टाचा जवळ, पावलं बाजूंना उघडलेली आणि गुडघेही त्याच दिशेला. किबा-दाचीत पाय खांद्यांच्या जवळजवळ दुप्पट फाकलेले, बोटं सरळ समोर, आणि गुडघे तेवढे बाहेर रेटायचे. भार दोन्हीकडे सारखा, घोड्यावर मांड ठोकल्यासारखा. किबाचा अर्थच घोडेस्वारी. मिनिटभरात मांड्या पेटतात आणि पावलाची आतली कड कधी दबली ते समजत नाही. ज्या फुनाकोशींनी १९२२ मध्ये टोकियोला ओकिनावाचं कराटे दाखवलं, त्यांनी तरुणपणी याच पवित्र्यात, आडवं सरकत करायचे तेक्की नावाचे तीन काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, घोटायला दहा वर्षं दिली. दहा वर्षं! माझे तर आत्ता कुठे तीन महिने झालेत.

त्यांच्या वीस सूत्रांपैकी एक मला फार लागलंय: पवित्रा नवशिक्यांसाठी, पुढे सहज उभं राहणं. आधी वाटलं, मग हा खटाटोप कशाला? परवा क्लास सुटल्यावर सर दाराशी किल्ली घेऊन थांबले होते, पोरं चपला घालत होती. सरांची दोन्ही पावलं सारखी टेकलेली, गुडघे सैल, कुठेही रेललेले नाहीत. एक पोरगा धावत येऊन त्यांच्यावर आदळला आणि सर तसूभरही हलले नाहीत, हसत त्याला सावरलं. मी अजूनही बसची वाट बघताना एका कुल्ल्यावर भार टाकून उभी असते. तिथवर पोचायचंय मला.

एक विचारायचं होतं. माझा डावा गुडघा खाली बसताना आत पडतो. सर म्हणतात, तोवर उंचच उभ्या राहा, खोलीचा हट्ट नको, गुडघा पावलाच्या आत जाऊ देऊ नका. ते मी पाळते. पण तू तुझ्या लहान मुलींना यासाठी काय करायला लावतेस? मांडीच्या बाहेरच्या बाजूचा काही व्यायाम आहे का? फोनवर नको सांगूस, दिवाळीला येशील तेव्हा माझ्यासमोर अरमंडीत बसून दाखव. मागच्या खोलीतली सतरंजी मी काढून ठेवते, खाली शहाबादीच आहे.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
वैजू