सूचना : गोधडी प्रदर्शनाला जाणाऱ्या सभासदांसाठी

वही-पेन्सिल न्या. फोटोआधी परवानगी घ्या, गोधडीला हात लावू नका. हाताचं तेल कापडात उतरतं. नुसत्या नक्षीवर भाळू नका, मागची बाजू दाखवायला सांगा. टाक्यांचा ताण आणि गाठी तिथेच कळतात.

आवडलेला चौकोन वहीत उतरवताना दिसतं ते माप तयार तुकड्याचं असतं. ४ इंची चौकोनाला कापड साडेचार इंच कापा, चहूबाजूंनी पाव इंच शिलाई. शिलाई १ मिमी जास्त गेली, तर १० चौकोनांच्या ओळीत ९ जोड, प्रत्येकी २ मिमी (जोडाच्या दोन्ही तुकड्यांतून १-१ मिमी), म्हणजे ओळ १८ मिमी आखूड! मग कोपरे जुळत नाहीत आणि दोष मशीनला.

गडद लाल कापड आधी वेगळं धुवा. पुढच्या बैठकीला एकच चौकोन शिवून आणा, अख्खी गोधडी नको.