मंत्री महोदय, दहा तारखेचा शब्द कुणी दिला होता?

प्रति,
मा. उच्च शिक्षणमंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव सीमाभागातल्या एका विद्यापीठात मी इतिहास शिकवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या सत्राचा अर्ज मला तिथेच करायचा आहे. सरकारी भाषेत मी ‘अतिथी उपन्यासक’, म्हणजे एका सत्रापुरती नेमलेली हंगामी प्राध्यापक. १३ वर्षं झाली. पीएच.डी. आहे, के-सेट ही प्राध्यापकाची राज्य पात्रता परीक्षा पास आहे. ह्याच तक्रारीचं पत्र मी आधी कन्नडमध्ये लिहून आपल्या कार्यालयात दिलं, आवक नंबरही मिळाला. दोन महिने त्याचं उत्तर आलं नाही. म्हणून आता माझ्या भाषेत, सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या सोमवारी दुपारी दोनच्या तासाला निघाले होते. शिपायाने व्हरांड्यात गाठून हातात एक कागद दिला. डिसेंबरपासून चार महिन्यांचं मानधन थकलं होतं, त्यामुळे वाटलं बिल पास झालं. उभ्या उभ्या वाचलं. जानेवारीतले तीन आठवडे नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा ठरवणाऱ्या तपासणीच्या, तयारीमुळे वर्ग भरले नाहीत, ‘सबब सदर कालावधीचे मानधन देय नाही’. बाकीचं अनुदान आल्यावर बघू, असा त्याचा अर्थ. कागद पर्समध्ये घातला आणि वर्गात गेले. त्या दिवशी १८५७ होतं. काय शिकवलं ते मला आठवत नाही.

वर्ग भरले नाहीत, हे खरं आहे. पण ते तीन आठवडे आम्ही कुठे होतो? नॅकचे सात निकष असतात, त्यातल्या तिसऱ्या निकषाच्या फायली माझ्याकडे होत्या. पाच वर्षांची चर्चासत्रं, शोधनिबंध, विस्तारकार्य, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचा पुरावा. सकाळी नऊला जायचं आणि संध्याकाळी सातला निघायचं. माझ्या विभागात मंजूर जागा सहा आहेत, त्यातली एक भरलेली. बाकी आम्ही चार अतिथी. फायली कुणी केल्या असतील? समिती आली तेव्हा मात्र आम्हाला मागच्या खोलीत बसवलं, आणि ग्रेड मिळाल्यावर पेढे वाटले तेव्हा बोलावलं. त्याच तीन आठवड्यांचे पैसे आता कापले.

साहेब, दर डिसेंबरात तुमच्या विधिमंडळाचं अधिवेशन आमच्या दारात भरतं. २०१२ साली उभी राहिलेली सुवर्ण विधानसौध आमच्या बसच्या खिडकीतून दिसते. मागच्या अधिवेशनात आम्हीही कोंडसकोपच्या माळावर तंबूत बसलो होतो. थंडी होती, माझ्याबरोबर आठ महिन्यांचं मूल घेऊन आलेली एक सहकारी होती. तिसऱ्या दिवशी तुमच्या वतीने एक अधिकारी आले. त्यांनी निवेदन घेतलं, चहाही घेतला आणि उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की यापुढे मानधन दर महिन्याच्या १० तारखेला खात्यावर जमा होईल, मंत्रीसाहेबांचा शब्द आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, ह्याचं मला आता फार वाईट वाटतं. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, पाडवाही गेला. चार वेळा १० तारीख आली. कार्यालयात विचारायला गेलं की एकच उत्तर: ‘बिल्ल पास आगिल्ल मॅडम, नाळे बन्नी.’ बिल पास झालं नाही, उद्या या. त्या कारकुनाचा दोष नाही, त्याला वरून जे सांगितलं तेच तो सांगतो.

मी खानापूर तालुक्यातली. बस सव्वासातची. तुमच्या सरकारने ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू केली, त्यामुळे आम्हा बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. ती योजना नसती तर ह्या चार महिन्यांत मला विद्यापीठात जाताच आलं नसतं. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. ती तिकिटं मी टाकत नाही, एका डब्यात ठेवते. कधी कुणी विचारलं की तुम्ही त्या दिवशी कामावर आला होता ह्याला पुरावा काय, तर दाखवायला काहीतरी हवं.

घरी माझा नवरा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर आहे. ऑर्डर कमी झाल्या की त्यांचेही दिवस कापले जातात. मुलगा नववीत. सासूबाई साध्या बाई आहेत, त्या मला विचारतात, “अगं, एवढ्या मोठ्या विद्यापीठात जातीस म्हणतीस, मग पगार कुठं जातोय?” त्यांना काय सांगू? फेब्रुवारीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. तेव्हा त्यांनीच गळ्यातली बोरमाळ काढून माझ्या हातात दिली. सोसायटीत गहाण ठेवली. काउंटरवरची मुलगी माझी विद्यार्थिनी निघाली. “मॅडम, तुम्ही?” एवढंच म्हणाली आणि मान खाली घालून वजन करायला लागली. त्या मुलीला मी एम.ए.ला दोन वर्षं शिकवलं. तिचा पगार दर महिन्याच्या १ तारखेला होतो.

हे सगळं तुम्हाला सांगायचं नव्हतं. मागण्या तीनच होत्या, कन्नड पत्रात त्या एका पानात मावल्या होत्या. पण तो सोमवारचा कागद आल्यापासून झोप नाही.

मग हे काम सोडून का देत नाही, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर एका उत्तरपत्रिकेत आहे. मागच्या सत्रात पेपर तपासताना कित्तूरच्या बंडावरचा प्रश्न होता. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या लढाईत इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला, राणी चन्नम्मा पुढे कैद झाल्या आणि १८२९ साली बैलहोंगलच्या किल्ल्यातच वारल्या. एका मुलाने उत्तर कन्नडमध्ये सुरू केलं होतं. अक्षर जपून काढलेलं, शब्द थोडे. दीड पान झालं, लढाई आली आणि तिथे एका वाक्याच्या मध्येच लिपी बदलली. ‘आणि तवा थॅकरे पडला, गडावर एकच गलबला झाला’, असं देवनागरीत तीन ओळी. पुढे त्याच्या लक्षात आलं असावं, त्याने त्या खोडल्या आणि परत कन्नडमध्ये लिहायला लागला. खोडलेल्या ओळी सगळ्या उत्तरात उत्तम होत्या. पोरगा आमच्याच बाजूच्या खेड्यातला असणार. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला असणार, माझ्यासारखाच. संविधानाचं कलम ३५०-अ प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवायची सोय करा असं सांगतं, त्याच्या पुढे पोराने काय करायचं ते कुणी सांगत नाही. मी त्याला १० पैकी ७ दिले आणि त्या पेपरवर किती तरी वेळ बसून राहिले. ह्या पोरांसाठी वर्गात कुणीतरी असायला हवं, ज्याला दोन्ही भाषा येतात. गोकाक-सौंदत्तीच्या मुलींना मी कन्नडमध्ये शिकवते, त्या माझ्या लेकींसारख्या आहेत. कन्नड मी बावीसाव्या वर्षी शिकले आणि प्रेमाने शिकले. हे मुद्दाम लिहिते, कारण मराठीत पत्र लिहिलं म्हणून माझ्यावर शिक्का मारणारे निघतीलच.

पेपर तपासण्याचे पैसेही अजून आलेले नाहीत, ते वेगळंच.

आता हिशेब. मला हाती महिना २८ हजार येतात, वर्षातून १० महिने. माझ्या विभागात माझ्याइतकंच शिकलेल्या कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९ च्या जानेवारीत अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार द्या असं सांगितलं. कोणी दिले? तुमच्या खात्याने २०२२ च्या जानेवारीत सरकारी पदवी कॉलेजांतल्या अतिथींचं मानधन २६ ते ३२ हजारांपर्यंत नेलं, पण त्याबरोबर आठवड्याचे तास १५ केले आणि त्या वाढीव तासांपायी कित्येकांची जागाच गेली. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढलं. आणि आम्ही विद्यापीठातले अतिथी तर त्या ताटातही नाही.

दर सत्राला नवा अर्ज. १३ वर्षांत २६ वेळा मी दहावीच्या गुणपत्रिकेपासून पीएच.डी.पर्यंतच्या सगळ्या कागदांची झेरॉक्स काढून, सह्या करून, ओळीत उभी राहिले आहे. २६ वेळा रुजू, २६ वेळा ‘कार्यमुक्त’. हा मधला खंड का पाडतात ते शिपायालासुद्धा माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उमादेवी खटला आपल्याच राज्यातून गेलेला. त्यात न्यायालयाने अशा हंगामी नेमणुका कायम करायला नकार दिला, पण मंजूर जागेवर सलग १० वर्षं काम केलेल्यांसाठी एकदाच दार उघडं ठेवलं होतं. सलग १० वर्षं कुणाची भरूच नयेत, म्हणून दर सहा महिन्यांनी आमचं नाव खोडायचं. पण साहेब, त्याच न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं झाडलोट करणाऱ्या बायकांना आणि एका माळ्याला कायम करायला सांगितलं. उमादेवीचा आधार घेऊन माणसं राबवू नका, असं बजावलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी द्यायला लावली. हे निकाल तुमच्या खात्यात कुणी वाचले नसतील असं मी मानत नाही.

पैसे नाहीत म्हणता. मग विद्यापीठं उघडता कशाला? आधीच्या सरकारने नवी विद्यापीठं काढली, २०२५ च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळाच्या उपसमितीने त्यातली नऊ गुंडाळायची शिफारस केली, त्यात शेजारचं बागलकोटही होतं. २०२१ ला नवं शैक्षणिक धोरण आणलं, चार वर्षांची पदवी केली. २०२४ ला ते मागे घेऊन परत तीन वर्षं. प्रत्येक वेळी अभ्यासक्रम बदलला, आणि प्रत्येक वेळी नव्या नोट्स रात्री बसून आम्ही काढल्या. त्या रात्री कुठल्या बिलात धरल्या?

२०२४ च्या डिसेंबरात बेळगाव काँग्रेसची शताब्दी झाली. १९२४ साली टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेलं अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनात, आणि ते घडवून आणलं ते हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी. सगळं शहर दिव्यांनी उजळलं होतं. एका प्रदर्शनाचे फलक लिहायला इतिहासाची माणसं हवी होती, तेव्हा आम्हाला फोन आले. आम्ही लिहिले, आनंदाने लिहिले. फलकांवर नावं कायम प्राध्यापकांची आली.

आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवून आम्हाला गप्प करू नका, तिकडचंही मी पाहिलं आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा चालू आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्यांच्या विधिमंडळाने ८६५ गावं आमची म्हणून ठराव केला. त्या गावांत माझं गाव येतं. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मुलाखतीला गेले, तर आधी अधिवासाचा दाखला मागितला. गाव हवं, गावातली बाई नको. तिथेही मराठी मुलंमुली ‘तासिका तत्त्वावर’ राबतात, त्यांचीही बिलं महिनोन्महिने अडकतात. दोन राज्यं ६०-७० वर्षं जमिनीच्या एकेका तुकड्यासाठी भांडतात, दुकानांच्या पाट्यांवरून डोकी फुटतात, १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि एकीकडे काळा दिन. आणि ह्या जमिनीवरच्या पोरांना शिकवणाऱ्याला महिन्याचे पैसे महिन्याला द्यायची गोष्ट निघाली की दोघांचीही तोंडं बंद. ह्या एका बाबतीत तुमचा काही सीमावाद नाही.

त्या तीन मागण्या परत लिहिते. थकलेलं मानधन द्या, आता ते चार महिन्यांचं झालं आहे. सत्रागणिक अर्ज बंद करून निदान तीन वर्षांची नेमणूक द्या. आणि पात्र माणसांना यूजीसीने सांगितलेला दर द्या. सोमवारच्या कागदामुळे आता चौथी: जानेवारीतली कपात रद्द करा. कायम करा ही मागणी त्या पत्रात नव्हती, भीतीपोटी घातली नव्हती. आज घालते. मला कायम करा. माझ्याबरोबरच्या तिघांनाही करा. जागा मंजूर आहेत, काम आम्हीच करतो आहोत.

सोसायटीची मुदत ३० एप्रिलला संपते. त्याच दिवशी आमचं सत्रही संपतं. उत्तर पाठवणार असाल तर त्याआधी विभागाच्या पत्त्यावर पाठवा. १ मेपासून माझं नाव तिथल्या हजेरीपटावर नसेल.

आपली,
इतिहास विभागातील एक अतिथी उपन्यासक
खानापूर तालुका, जि. बेळगाव