बाबा, रस घ्या, पण गोळी सोडू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, सगळ्यात आधी सांगते, आईवर चिडू नका. तुम्ही अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेच्या, गोळ्या बंद करून रसांवर राहायला लागलात, हे तिनं मला आपणहून सांगितलेलं नाही. मी फोनवर विचारलं तेव्हा ती नुसती गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

मी तुमच्या डॉक्टरांशी बोलले आहे. तुम्हाला न विचारता. येत्या मंगळवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे, लगेच नंतर आहारतज्ज्ञांची. मी सोमवारी रात्री पोचते. रजा मंजूर झाली आहे, तेव्हा ‘तू कशाला धावपळ करतेस’ असं म्हणू नका. स्वतःच्या दुखण्याचा निर्णय दुसऱ्या कुणी घेतलेला तुम्हाला चालत नाही, हे मी काय आज ओळखते? पण विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात, आणि नानाकाकांच्या वेळी ते ‘बघू’ किती लांबलं ते आपण तिघांनीही पाहिलंय. मला ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. एवढाच माझा स्वार्थ.

रसानं तुम्हाला बरं वाटलं, ते मी खोटं मानत नाही. गाळलेल्या रसात चोथा, साल, बिया काही नसतं. सुजलेल्या आतड्यावरचा तेवढा भार उतरला की कळा कमी होतात, शौचाच्या खेपा कमी होतात. ‘रात्री सलग झोप लागली’ म्हणालात, तेव्हा फोन ठेवल्यावर मी रडले होते. पण खेपा कमी होणं म्हणजे सूज गेली असं नाही ना, बाबा. तुमच्या गोळीतलं औषध, मेसालामाइन, नेमकं आतड्याच्या अस्तरावर काम करतं, आणि ते थांबवलं की दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा छान जातात, आणि मग अल्सरेटिव्ह कोलायटिस एकदम उसळतो. तुमच्या आजाराला आठ वर्षं होऊन गेली. एवढ्या काळानंतर ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी करून, म्हणजे नळी घालून, आतडं आतून बघायचंच असतं, कारण सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घाबरवायला लिहीत नाही. वेळेवर बघितलं की वेळेवर कळतं, म्हणून लिहिते.

आत्ता लगेच नळी घालायची नाही, तेही डॉक्टरांना विचारून घेतलंय. आधी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी. त्यातून आत सूज आहे का, किती आहे, याचा अंदाज येतो. सुईसुद्धा टोचत नाहीत. नमुना शुक्रवारी द्यायचा आहे.

गव्हांकुरांच्या रसाबद्दल तुम्ही पाठवलेलं सगळं वाचलं, मूळ अभ्यासही शोधला. तो २००२ सालचा. २३ रुग्ण होते, त्यांच्यापैकी काहींना रोज १०० मिली रस दिला, महिनाभर. रक्त जाणं कमी झालं, हे खरं आहे. पण त्या सगळ्यांची सूज मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागापुरती होती. तुमची पूर्ण मोठ्या आतड्यात आहे. आणि १०० मिली म्हणजे अर्धा पेला. तुम्ही तर दोन्ही वेळचं जेवणच रसावर भागवायला लागलात! आजार जोरावर असताना वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम. गाजराच्या रसाच्या पेल्यात दोन ग्रॅमसुद्धा नीट भरत नाहीत. तुमची पॅंट कमरेत सैल झाली ते ‘पोट हलकं झालं’ म्हणून नाही. स्नायू झडतायत. व्हिडिओ कॉलवर तुमचे दंड पाहिले मी.

ज्यूसर कुणी काढून घेणार नाही, काळजी करू नका. तुमच्या त्या सकाळच्या पेल्यात किती जीव आहे ते मला कळतं. जेवणानंतर छोटा पेला, गाजराचा किंवा काकडीचा, खुशाल घ्या. गोळ्यांचा कंटाळाही मला समजतो, सकाळ-दुपार-रात्र त्याच त्या मोजत बसायच्या. म्हणून डॉक्टरांना तेही विचारलं. सगळा डोस दिवसातून एकदाच घेतला तरी चालतो म्हणाले, आणि आजपासूनच सुरू करायला सांगितलंय. मूत्रपिंडाला अपाय होईल ही तुमची भीती त्यांना सांगितली. त्यासाठी अधूनमधून रक्ताची तपासणी करतात, मंगळवारी तीही होईल.

मला कावीळ झाली होती तेव्हा तुम्ही संत्र्याच्या एकेका फोडीचं पापुद्रं सोलून, बी काढून मला भरवायचात. मी तोंड फिरवायचे, तुम्ही ‘एवढी एकच’ म्हणायचात, आणि असं करत अख्खं संत्रं संपायचं. आठवतं ना? आता माझी पाळी आहे. एवढी एकच गोळी, बाबा.

आई, आता तुझ्यासाठी. गोळी कुटून रसात मिसळू नकोस, तुझ्या डोक्यात ते येणार हे मला माहीत आहे. तिच्यावरचं आवरण औषधाला मोठ्या आतड्यापर्यंत सांभाळून नेतं. कुटलीस तर औषध वाटेतच विरघळून जाईल. बीट पूर्ण बंद. त्यानं शौचाला लाल होतं, मग खरं रक्त कुठलं ते कुणाला कळणार? परवा तू त्याच भीतीनं रात्रभर जागी राहिलीस. शिवाय बीट आणि पालक दोन्हींत खडे करणारं ऑक्झलेट भरपूर असतं, आणि बाबांचा मुतखडा तू विसरली नसशील. सफरचंद आणि पेअरचा रसही नको, त्यांतल्या साखरेनं जुलाब वाढतात. मऊ भात, उकडलेला बटाटा, अंडं, मासा, पिकलेलं केळं, दही सोसत असेल तर दही, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. एका वहीत काय खाल्लं आणि पुढे काय झालं ते लिहीत जा. सगळ्यांना चालेल असा एकच आहार या आजारात नाही, त्यामुळे आहारतज्ज्ञांना तुझ्या वहीचा खरा उपयोग होईल.

बाबा, गुडघ्यासाठी ती आयबुप्रोफेनची गोळी परस्पर घ्यायची नाही. तिनं कोलायटिस उसळू शकतो. आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्त पडलं, सोबत ताप आला, नाडी ९० च्या वर गेली किंवा पोट फुगून दुखायला लागलं, तर मंगळवारची वाट बघायची नाही, माझीही नाही. सरळ हॉस्पिटल. मला फोन तिथून करा, मी रात्री किती वाजताही उचलेन.

प्रवासाचं तुमच्या मनात येईल म्हणून सांगते: गाडी आपली असेल, वाटेत स्वच्छतागृह कुठे कुठे आहे ते मी पाहून ठेवलंय, आणि दवाखान्यात दाराजवळची जागा मागून घेईन. जुने रिपोर्ट निळ्या फायलीत आहेत, ते तारखेप्रमाणे लावून ठेवा. ते काम तुमच्याइतकं नीट कुणाला जमत नाही. उपाशीपोटी यायला सांगितलेलं नाही, तेव्हा मंगळवारी गोळी घेऊन, नीट खाऊन निघायचं.

तुमची,
मनू