पंधराव्या अध्यायाबद्दल मनूला

पुणे, मंगळवार, 17 मार्च 2026

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम सलाम.

पोहोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला. मी वाचला. शैलाआत्या म्हणते, फोन करून मोकळा हो. पण फोनवर माझी गाडी ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

रविवारच्या गोष्टीबद्दल मी काही विचारणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ‘माझ्या मातीच्या वेळी बायबलातला तो मेलेले उठण्याचा अध्याय, पहिल्या करिंथकरांचा पंधरावा, तू वाचशील का’ असं आईनं विचारलं. तू नाही म्हणालीस. विषय संपला.

मला वाटलं होतं, तू ‘आई, असलं काही बोलायचं नाही’ म्हणशील आणि आत निघून जाशील. शंभरातले नव्याण्णव तेच करतात. तू मात्र खुर्ची पुढे ओढून बसलीस आणि म्हणालीस, ‘जे मला खरं वाटत नाही, ते तुझ्या पेटीशेजारी उभं राहून मी वाचणार नाही.’ पाळकसाहेबांचा चहा बशीत सांडला. (आपल्या पंचहौद चर्चची मंडळी आणि चहा, हे 1890 पासूनच जमलेलं नाही. तेव्हा लोकमान्य आणि रानडे मिशनात चहाला गेले म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं होतं. आपल्याकडे निदान सतरंजीवरच भागलं.) मला तुझा राग आला. आणि त्याच वेळी छाती फुगली, हेही खरं. शिवाजीनगर कोर्टात नोकरीभर मी शपथेवर धडधडीत खोटं बोलणारी माणसं पाहिली. आईला बरं वाटावं म्हणूनसुद्धा जी खोटं बोलत नाही ती माझी मुलगी, असं मी काल संजयला सांगितलं. तो म्हणाला, मग रडतोस कशाला.

पण मनू, ‘खरं वाटत नाही’ हे तू तपासून म्हणालीस का? आईचा रिपोर्ट आला, तो बरोबरच असणार हे तुला माहीत होतं. तरी तू स्लाइड्स मागवून घेतल्यास आणि स्वतःच्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्यास. हे प्रकरण मात्र तू न बघताच निकाली काढलंस. ‘पप्पा, मेलेल्या पेशी मी रोज बघते, त्या उठत नाहीत.’ अगं, त्या लोकांनाही ते तुझ्याइतकंच माहीत होतं. तुझ्याकडे मायक्रोस्कोप आहे, मार्थेकडे मेलेल्या भावाच्या कबरेचा चौथ्या दिवसाचा वास होता, आणि तिनं तो प्रभूला तोंडावर सांगितला. बायका प्रभूच्या रिकाम्या कबरेवरून धावत आल्या तेव्हा प्रेषितांना ती बाष्कळ बडबड वाटली, हे लूकनं लपवलेलं नाही. थोमा तर जखमेत बोट घातल्याशिवाय ऐकेना. त्या घरात तुला जागा नव्हती असं समजू नकोस.

पढवलेले साक्षीदार कसे ओळखायचे ते आमच्या कोर्टात शिपाईसुद्धा सांगेल. सगळे एका सुरात बोलतात, अल्पविरामासकट. इथे चार शुभवर्तमानं बघ. मत्तयाच्या मते कबरेवर दोन मरीया. मार्क सलोमेला धरून तिघी सांगतो. लूक योहान्नाचं नाव घालतो. योहानाकडे मग्दालीया मरीया एकटीच निघते. देवदूत कुठे एक, कुठे दोन. आणि सगळ्यात आधी साक्ष कुणाची, तर बायकांची, ज्यांच्या शब्दाला त्या समाजात पुरुषाच्या शब्दाइतकं वजन नव्हतं. कुणी बसून रचलं असतं तर पहिला साक्षीदार असा निवडला असता का? प्रमुख शिष्य पेत्र तर आदल्या गुरुवारीच ओळख नाकारून फितूर झालेला!

विसंगती असली म्हणजे खरं, असं नाही. तेही मी कोर्टातच शिकलो. आणि उठलेल्या प्रभूला पाहिलेले जे पाचशे बंधू पौल त्या अध्यायात सांगतो, त्यातल्या एकाचीही जबानी आपल्याकडे नाही. तो ऐकीव पुरावाच. पण तो लिहितोय घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांत, आणि लिहितो की त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे ज्याला शंका आहे त्यानं जावं, विचारून यावं. प्रभू आणखी कुणाला दिसला तेही तो सांगतो: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, मग प्रभूचा भाऊ याकोब, ज्याचा आधी स्वतःच्या भावावर विश्वास नव्हता. शेवटी स्वतः पौल, जो मंडळीचा छळ करत फिरत होता. त्याचं स्वतःचं मात्र ऐकीव नाही.

आणि तो हे कुणाला लिहितोय? करिंथच्या मंडळीतच काही जण म्हणत होते की मेलेल्यांचं पुनरुत्थान वगैरे नाही. अगदी तुझंच म्हणणं. त्यांना त्यानं बाहेर काढलं नाही, पत्र लिहिलं. आणि पत्रात सरळ कबूल केलं की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट, तुमचा विश्वासही फुकट, आणि सगळ्या माणसांत आम्हीच कीव करण्यासारखे. आपली फिर्याद खोटी ठरायची असेल तर ती कशानं ठरेल, हे फिर्यादीच सांगतोय असं मी नोकरीत कधी पाहिलं नाही.

बघ, पुन्हा भाषण झालं. ‘पप्पा, तुम्ही सेवानिवृत्त आहात’ असं तू म्हणशील. माफ कर. तुला पटवायला बसलो नव्हतो.

खरं तर आजीबद्दल लिहायचं होतं. माझी आजी, केडगावची. छप्पनच्या दुष्काळात (संवत 1956, म्हणजे 1899-1900) तिला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात आणून सोडलं तेव्हा तिला गावाचं नाव सांगता येत नव्हतं, आडनाव तर नाहीच. आईचा चेहराही तिला पुढे आठवेना. राहिलं होतं ते डाव्या मनगटावरचं गोंदण, पाच टिंबं आणि मध्ये एक तुळशीचं रोप. आईनंच गोंदवून घेतलं होतं म्हणे. मी लहान असताना ती दुपारी सुपात तांदूळ घेऊन बसायची आणि खडे वेचता वेचता अंगठ्यानं ते गोंदण पुसल्यासारखं करायची. हिरवा रंग विटून निळसर झाला होता, टिंबांच्या कडा कातडीत पसरल्या होत्या. म्हणायची, ‘मी तिला ओळखणार नाही रे. तिनं मला ओळखायला हवं. हे हात उठवतील ना, ह्या गोंदणासकट?’ मी शाळेत पहिला नंबर काढणारा. मी म्हणायचो, आजी, आत्मा वर जातो, गोंदण नाही. ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी तांदळातला खडाच.

मला वाटायचं ती अडाणी. ती अगदी शास्त्राला धरून बोलत होती. मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी शरीराचे पुनरुत्थान म्हणतो, आत्म्याचे नाही. आणि उठलेल्या प्रभूच्या हातावर खिळ्यांचे व्रण होते. भरून आले नव्हते. थोमाला तेच दाखवले.

आता हे ऐक. तू गेल्यावर, रात्री, आईनं मला विचारलं, ‘अहो, मला कुठल्या शरीरात उठवतील? आधीच्या, की ह्या कापलेल्या?’ आणि गाऊनवरून डाव्या बाजूला हात ठेवला. ऑपरेशन झाल्यापासून तिनं माझ्यासमोर कधी तिथे हात ठेवला नव्हता. मी म्हणालो, दूध तापवतो. स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, गॅसही पेटवला नाही.

तू म्हणालीस की हे सगळं मरणाला घाबरणाऱ्यांचं समाधान आहे. मला ते समाधान कधीच वाटलं नाही, मनू, आणि हे मी पाळकसाहेबांपाशीही बोललेलो नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या, गोष्ट कुठे थांबते माहीत आहे? बायका थरथर कापत कबरेतून पळाल्या आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. तिथेच. पुढची वचनं त्यांत नाहीत. प्रेत बघून त्या घाबरल्या नव्हत्या, सुगंधी द्रव्यं घेऊन प्रेताकडेच तर निघाल्या होत्या. घाबरल्या ते प्रेत नाही म्हणून. मलाही तेच होतं. रात्री तुझ्या आईचा श्वास मोजत पडतो तेव्हा भीती वाटते की हे सगळं खोटं निघालं तर? आणि रविवारी उपासनेत उभा राहतो तेव्हा भीती वाटते की खरं निघालं तर. खोटं असेल तर रडून मोकळं होता येतं. खरं असेल तर हे कापलेलं शरीर कुणाच्या तरी हिशेबात आहे. मग त्याला हात लावताना, त्याच्याशी बोलताना, आपण कसे वागलो तेही हिशेबात आलं. तुझी भीती यातली कोणती आहे, मला कळत नाही. रागावू नकोस, पण तू इतक्या पटकन नाही म्हणालीस की मला वाटलं तुलाही दुसरीच असावी.

कदाचित नसेलही. मी बाप आहे, बापाला वाटेल ते वाटतं.

यंदा ईस्टर 5 एप्रिलला आहे. रमाबाई 1922 मध्ये त्याच तारखेला गेल्या. मुक्तीतली माणसं ही तारीख विसरत नाहीत. आदल्या जुलैत त्यांची मनोरमा गेली होती, एकुलती एक, आणि सगळं काम जिच्यावर सोपवायचं ती. हिब्रू-ग्रीकवरून करायला घेतलेलं बायबल हातात, आणि मुलगी कबरेत. पंधरावा अध्याय मराठीत उतरवणाऱ्या बाईनं तो नंतर कसा वाचला असेल, असं हल्ली मनात येतं. तुझं नाव माझ्या आईनं ठेवलं. मला तेव्हा नको होतं. ज्या मुलीला आईनं पुरलं तिचं नाव कशाला, म्हणून मी भांडलोही. आता इकडे उलटं, तुला आईला पोचवायचंय, आणि तेच रीतीला धरून आहे, तरी मला ते पेलत नाही.

तू अध्याय वाचलाच पाहिजेस असं मी म्हणत नाही. तू नाही वाचलास तर संजय वाचेल. त्याचा आवाज मोठा आहे, फक्त ‘अविनाशीपण’ आलं की तो दर वेळी अडखळतो आणि आई हसते. मी वाचणार नाही. मला जमणार नाही. खरं वाटत नाही म्हणून नव्हे.

झावळ्यांच्या रविवारनंतर आईचा पुढचा डोस आहे, त्यामुळे गुड फ्रायडेला ती देवळात येईल असं वाटत नाही. पहाटेच्या उपासनेला मात्र व्हीलचेअरवरून का होईना येणार म्हणते. तू शनिवारी पोहोचशील अशी बस बघ. त्या आठवड्यात बंगळूरच्या गाड्या भरलेल्या असतात, आजच बुकिंग कर. जावईबापूंना सुट्टी नसेल तर नको, पण छोटीला आण. दुखण्याचे पॅच इथे मिळायला वेळ लागतोय, तिकडे मिळत असतील तर दोन पाकिटं जास्तीची घे, बिल ठेव.

आणि एवढं कर. वाचणार नसलीस तरी तो अध्याय एकदा घरी नीट पाहून ये, विशेषतः पस्तिसाव्या वचनापासून पुढे. मेलेले कसे उठवले जातात आणि कोणत्या शरीराने येतात, हा तिथलाच प्रश्न आहे. आई तो पुन्हा विचारणार, आणि तुलाच विचारणार. माझ्याशी ती आता त्यावर बोलत नाही, मी लगेच उठून जातो. तुला जे खरं वाटतं तेच तिला सांग. पण समोर बसून सांग, परवा बसलीस तशी.

तुझे,
पप्पा