कोल्हापूर उद्यमनगरच्या वायरमन मामांना

तीर्थस्वरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र नातवाने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे, तसं त्याला सांगून ठेवलंय. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणून चहा सांगता आणि विषय तिथंच तुटतो. म्हणून चारचौघांत लिहितेय. आमच्यासारख्या जुन्या जीपवाल्यांनीही वाचावं, अशी इच्छा आहे.

परवा जीपचं पासिंग झालं. १९९० ची महिंद्राची एमएम ५४०, पस्तीस वर्षांची गाडी, आणखी पाच वर्षांसाठी पास. आरटीओच्या साहेबांनी हेडलाइट, डिपर, ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं एकेक करून लावायला सांगितलं. प्रत्येक गोष्ट पहिल्या फटक्यात लागली. बाहेर आल्यावर मी स्टिअरिंगवर हात ठेवून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. आबा असते तर त्यांनी पहिला फोन तुम्हाला केला असता.

आबांनी ही जीप घेतली तेव्हा आमच्या वाडीला डांबरी रस्ता नव्हता. गगनबावड्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर ओढ्यातून जाणारी तेवढी एकच गाडी होती. बाळंतिणी, खताची पोती, दहावीच्या परीक्षेची पोरं, सगळी याच जीपमधून गेली. वाडीतली म्हातारी माणसं आजही तिला 'विलिस' म्हणतात. महिंद्रांनी १९४७ मध्ये आपल्याकडे विलिसच्या जीपा आणल्या आणि पुढच्या सगळ्या जीपांना लोकांनी तेच नाव चिकटवलं. तेव्हा "विकून टाका" हा सल्ला आमच्या घरात कुणाला पटणं शक्य नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यात मी त्या सल्ल्याच्या अगदी जवळ पोचले होते.

ती रात्र तुम्हाला सांगितली होती, तरी इथं लिहिते. आत्याला वैभववाडी रोड स्टेशनवरून आणत होते. करूळ घाट तेव्हा रस्त्याच्या कामासाठी बंद होता, म्हणून भुईबावड्याच्या घाटाने निघालो. पाऊस धो धो. वायपर लावला की हेडलाइट पिवळे पडायचे. ब्रेक दाबला की मागचे दोन्ही इंडिकेटर आपोआप मिणमिणायचे. तिसऱ्या वळणावर डॅशबोर्डखालून जळका वास आला आणि समोर अंधार झाला. आत्याने खिडकीतून हात बाहेर काढून मोबाइलची बॅटरी धरली आणि आम्ही पहिल्या गिअरमध्ये वर आलो. डाव्या बाजूला दरी होती.

त्याआधी दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. एका गॅरेजने जास्तीचा एलईडी बार थेट बॅटरीवर जोडून दिला होता, मध्ये फ्यूजसुद्धा नाही. दुसऱ्याने फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली होती. तिसऱ्याने गाडीला हातच लावला नाही. "सगळं वायरिंग उपटून नवं टाकायचं, पस्तीस हजार होतील, नाहीतर भंगारात घाला," एवढंच तो म्हणाला.

मग शेजारच्या दूधसंस्थेच्या टेम्पोवाल्याने तुमचं दुकान सांगितलं.

मामा, पहिल्या दिवशी तुम्ही एकाही वायरीला हात लावला नाहीत. स्टूल ओढून बसलात आणि विचारत राहिलात. कधी होतंय? थंड असताना की गरम झाल्यावर? कुठला दिवा लावला की कुठला मंदावतो? गाडीला रंग कधी दिला? हा शेवटचा प्रश्न मला तेव्हा अजिबात कळला नव्हता. चार वर्षांपूर्वी डेंटिंग-पेंटिंग केलं, असं मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "मग आधी अर्थिंग बघूया." अर्थिंग म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंट बॅटरीकडे परतायची वाट.

दुसऱ्या दिवशीचं सगळं मला डोळ्यांसमोर दिसतं. हेडलाइट चालू करून तुम्ही व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन पिना माझ्या हातात दिल्यात. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ९.९. "बाकीचं अडीच व्होल्ट गेलं कुठं?" तुम्ही मलाच विचारलंत. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या काळ्या वायरीवर ठेवायला लावलीत. तिथं शून्याच्या आसपास यायला हवं, आणि आले १.४. म्हणजे निम्म्याहून जास्त गळती परतीच्या वाटेवर होती. मडगार्डच्या आतला अर्थिंगचा बोल्ट तुम्ही खोललात. लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्याच्या, खाली चकचकीत हिरवा रंग! रंगाऱ्याने पत्रा घासला, अस्तर मारलं, रंग मारला आणि त्यावर पुन्हा अर्थिंग आवळून टाकलं. रंगातून करंट जाणार कसा? मागच्या दिव्यांचंही तेच, मिळेल त्या दुसऱ्या वाटेने करंट परतत होता, म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत होते.

तुम्ही पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात दिलात. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पांढरीफटक होईपर्यंत मी घासली. खाली दातेरी वायसर, वर नवा लग, बोल्ट आवळून वरून ग्रीसचा हात. पुन्हा मीटर लावला तर ०.१. तेवढ्यानेच समोरच्या भिंतीवरचा उजेड पिवळ्याचा पांढरा झाला. मी ओरडलेच होते, आठवतंय? तेव्हा तुम्ही सांगितलंत की हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्के पडतो. इतकी वर्षं मी जास्त वॅटचे बल्ब आणून त्याच सडक्या वाटेवर आणखी भार टाकत होते.

मीटरवर विसंबायचं नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. डॅशखालची एक वायर मीटरवर १२ व्होल्ट दाखवत होती. तुम्ही खिशातून जुन्या हेडलाइटचा बल्ब काढलात, दोन वायरी आणि दोन चिमटे लावलेला, आणि त्याच वायरीला जोडलात. पेटला नाही. मग वायर सोललीत. आतल्या तारा काळ्या पडलेल्या, जेमतेम दोन धड. "मीटर काही वढत न्हाई, म्हणून त्याला बारा दिसतंय. दिव्याला खायला लागतंय," असं तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून तो बल्ब मला डॉक्टरच्या नळीसारखा वाटतो.

बॅटरीचं कोडं तर तुम्ही चावी फिरवताच सोडवलंत. इंजिन बंद असताना चावी ऑन केली की डॅशवरचा लाल बॅटरीचा दिवा लागायला हवा. आमचा लागत नव्हता, आणि लाल दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी समजत होते. त्या बारक्या बल्बमधून जाणारा करंटच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, जागं करतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बल्ब उडालेला, म्हणून बाजारात हळू चालताना चार्जिंग शून्य. घाटात रेस वाढली की कुठे तो सुरू व्हायचा. काही रुपयांच्या बल्बपायी मी दोन बॅटऱ्या टाकल्या. तुम्ही दुसऱ्या गाडीतला बल्ब काढून लावलात आणि बिलात तो धरलाही नाहीत.

नवं वायरिंग टाकलं असतं तर तुमचे पैसे जास्त झाले असते. तुम्ही मात्र जुन्यातली धड वायर जपलीत आणि सडलेली तेवढी बदललीत. हेडलाइटला अडीच चौरस मिलिमीटरची वायर, अप्पर आणि डिपरला वेगवेगळे रिले, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर, आणि तो सगळा भार पस्तीस वर्षांचा लाइटचा स्विच एकटा वाहत होता. वास तिथलाच होता. आता स्विच फक्त रिलेला इशारा देतो, भार रिले वाहतो. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि डॅशच्या मधल्या पत्र्याच्या, भोकातलं रबर पडून हॉर्नची वायर पत्र्यावर घासत होती, तिथं नवं रबर बसवलंत. पिळून टेप मारलेले जोड तर सगळेच कापलेत. उन्हाने तो टेप गुळासारखा चिकट झाला होता. प्रत्येक जोड दाबाच्या पकडीने, वर स्लीव्ह. पक्कड तिसऱ्या दिवशी माझ्या हातात होती. पहिले चार लग ओढताच निघाले, तेव्हा रागावला नाहीत, पाचवा दिलात.

सामानाच्या शोधात मी जे शिकले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल. लाइटचा स्विच जळला होता आणि कोल्हापुरात मिळालेले दोन्ही नकली. पुण्याला बहिणीकडे जायचं होतं, तर तुम्ही म्हणालात, "रविवारी जुन्या बाजारात जा, आणि ह्ये बरोबर ने." स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक. पितळेचा काँटॅक्ट चुंबकाला चिकटत नाही, मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं. मंगळवार पेठेत अडीच तास फिरले, नऊ स्विच बघितले, सात चिकटले. उरलेल्या दोनांपैकी एकाची दांडी वाकडी होती. जो घेतला तो आजही गाडीत आहे. वायर घेतानाही तसंच, ब्लेडने तार खरवडायची. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचं पाणी दिलेलं अॅल्युमिनियम.

वायपरच्या मोटरला तर महिना लागला. तुम्ही कुर्ल्याला फोन केलात, दिल्लीच्या काश्मिरी गेटला केलात. मला आठवतं ते तुमचं विचारणं. "जीपची मोटर आहे का" असं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. मोटरच्या अंगावरचा नंबर आधी वाचायचात, मग शाफ्टची जाडी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर. गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार जे आहे ते देतो, नंबर सांगितला की शोधतो. शेवटी ती मिळाली कुर्ल्याच्या भंगारात, आणि तुम्ही आतले कार्बन ब्रश बदलून, गिअरला ग्रीस भरून ती बसवलीत.

शेवटच्या दिवशी तुम्ही टायरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडलात आणि त्यावर सगळ्या वायरींचा नकाशा काढलात. रंग, कुठून कुठे, कुठला फ्यूज. तुम्हाला लिहायला आवडत नाही, तरी काढलात. मी तो प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेवलाय. तुमच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच, मामा. गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ भेटले, गाडी माझ्या स्वाधीन तुम्ही केलीत.

ऑगस्टमध्ये रात्री साडेनऊला पुन्हा भुईबावड्याच्या घाटात वायपर बंद पडला. आत्या शेजारीच होती. मी गाडी कडेला घेतली, पुठ्ठा काढला, तुमचा बल्ब काढला. फ्यूज धड. फ्यूजच्या पुढे बल्ब लख्ख पेटला. मोटरच्या प्लगवर गेले तर तिथंही पेटला. मग चिमटा पत्र्यावरून काढून मोटरच्या काळ्या वायरीवर लावला, तर विझला. लग निसटला होता. मी दाबलेल्यांपैकीच एक असणार. वायर सोलली, नवा लग दाबला, ओढून बघितला, बोल्ट आवळला. पंधरा मिनिटं लागली. आत्या म्हणाली, "अगं, तुला हे कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं.

डिझेलचा काटा अजून अर्ध्यावर अडकतोय. टाकीतला फ्लोट असावा, पण मीटरची अर्थिंगही बघायची आहे. भात झोडून झाला की दिवाळीनंतर नवा तांदूळ घेऊन येते, तेव्हा एकत्र उघडू. मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
बावड्याकडची जीपवाली पोरगी